खंडेनवमीला निजवलेलं मशीन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला पंचाक्षरी हुडगेचा फोन वाजला आणि त्यानं तो मुद्दाम चार वेळा वाजू दिला. पहिल्या रिंगेला उचलला तर समोरच्याला वाटायचं, हा रिकामाच बसलाय. आता तो रिकामाच बसला होता, ही गोष्ट निराळी. लातुरात खाडगाव रोडला दोन खोल्या, पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर दोन कॉम्प्युटर आणि त्यांच्यापुढं एकोणपन्नास वर्षांचा एक माणूस, ज्याला आठ महिन्यांत कामाचा म्हणून एकही फोन आला नव्हता. पॉलिसी घ्या, प्लॉट घ्या म्हणणाऱ्यांचे फोन यायचे. पण ते काही पंचाक्षरीला केलेले नसायचे, नंबरला केलेले असायचे.

हा फोन नांदेडहून होता. बोलत होते अर्जुनराव, म्हणजे तिथल्या एका वधू-वर सूचक मंडळाचे अध्यक्ष आणि निवृत्त मुख्याध्यापक. माणूस निवृत्त झाला तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. हालहवाल न विचारता त्यांनी सांगितलं, की मंडळाची वेबसाइट खंडेनवमीपासून बंद आहे आणि पंचाक्षरीनं आजच्या आज निघून यावं. पंचाक्षरीनं बोलता बोलता समोरच्या कॉम्प्युटरवर साइट उघडून पाहिली. पांढऱ्या पानावर एकच ओळ होती: माहितीशी संपर्क होत नाही. ही ओळ अकरा वर्षांपूर्वी त्यानंच मराठीत लिहून ठेवली होती, इंग्रजी वाचून मुलींचे आईबाप घाबरतील म्हणून. मराठी वाचून ते जास्तच घाबरले होते, असं अर्जुनरावांच्या बोलण्यावरून दिसत होतं.

बघतो, जमवतो, असं तो म्हणाला. जमवण्यासारखं काही नव्हतंच. फोन ठेवल्याबरोबर त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढला आणि आरशात भांग पाडताना त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला आनंद झालाय. दुसऱ्याचं बिघडलं म्हणून आपल्याला आनंद व्हावा, याची त्याला लाज वाटली. पण झाला होता, त्याला इलाज नव्हता.

त्याच्या धंद्याची तऱ्हाच अशी. नळवाला, शिंपी, चांभार यांना लोक निदान येता-जाता बघतात, चहाला बोलावतात. वेबसाइट सांभाळणाऱ्याचं काम नीट चाललं, की तो माणूस लोकांच्या लेखी नसल्यात जमा. काही बिघडलं तरच त्याची आठवण होते, आणि तीही शिवी घालूनच. पंचाक्षरीचं काम चांगलं होतं, त्यामुळं त्याची आठवण कोणाला फारशी व्हायची नाही. एके काळी लातुरातले दोन शिकवणीवाले, एक मंगल कार्यालय, बियाण्यांचं एक मोठं दुकान अशी दहा-अकरा ठिकाणं त्याच्याकडं होती. एकेक करून सगळी पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांकडं गेली. भांडण कोणाशीच झालं नाही. भांडायला तरी फोन करावा लागतो.

घरात आई होती तोवर एवढं जाणवत नव्हतं. कावेरीबाई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की विचारायच्या, "आज कुणाचा फोन आल्ता का रं?" तो चिडायचा. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या, आणि आता फोन आला काय, न आला काय, विचारणारंच कोणी उरलं नाही. लग्न झालं नव्हतं. आधी धंद्याचं बस्तान बसू दे म्हणाला. बस्तान बसलं तोवर वय निघून गेलं, आणि पाठोपाठ बस्तानही उठलं. कालच्या दसऱ्याला त्यानं सवयीनं आपट्याची पानं आणली आणि संध्याकाळभर दार उघडं ठेवून बसला. शेजारचे सोनं लुटायला अंबाजोगाईला गेले होते. पानं देवापुढं तशीच राहिली.

तर असा माणूस साडेअकराच्या नांदेड गाडीत खिडकीशी बसला. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनचे ढीग पडले होते, मळणी यंत्रांची धूळ गाडीत येत होती. शेजारच्या बाईनं कुठं निघालात म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं जरा मोठ्यानंच सांगितलं, की नांदेडला बोलावलंय, तातडीचं काम आहे. बाईनं बरं म्हणून डोळे मिटून घेतले.

मंडळाचं कार्यालय श्रीनगरात दुसऱ्या मजल्यावर. पुढं मोठी खोली, तिथं खुर्च्या, फायलींचं कपाट आणि भिंतीवर नवाकोरा टीव्ही. मेळाव्यात मुला-मुलींचे फोटो दाखवायला महिन्यापूर्वी आणलेला. मागं एक लहान खोली, तिथं दोन मशिनं. एक पुढचं, एक मागचं, असं सगळे म्हणायचे, जरी दोन्ही एकाच टेबलावर होती. पुढचं मशीन लोकांना पानं दाखवायचं. मागच्यात अडतीसशे मुला-मुलींची माहिती होती. कोणी साइटवर काही विचारलं, की पुढचं मशीन ते मागच्याला विचारणार आणि उत्तर आणून देणार. ही मांडणी अर्जुनरावांच्या हट्टानं झालेली. लोकांच्या लेकीबाळींची माहिती परक्याच्या घरात ठेवायची नाही, ती आपल्या कुलपात राहील, असं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी ठणकावलं होतं. बाहेरून तिला कोणालाच हात लावता येऊ नये, पंचाक्षरीलासुद्धा नाही, असंही त्यांनीच बजावलं होतं. म्हणून काही झालं की नांदेडला येणं भाग. पंचाक्षरीनं त्या हट्टाला तेव्हा नाक मुरडलं होतं. अलीकडं तो हट्ट त्याला फार शहाणपणाचा वाटू लागला होता.

अर्जुनराव खुर्चीत ताठ बसलेले होते. चहा सांगितला, पण चेहरा सैल केला नाही. सकाळपासून पंधरा जणांचे फोन आले, असं त्यांनी सांगितलं. हदगावच्या एका बापानं विचारलं, की माझ्या पोरीचा फोटो चोरीला गेला काय. आठ दिवसांवर मेळावा. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. पुण्याची एक कंपनी दोन महिन्यांपूर्वी येऊन मागची खोली बघून गेली होती. सगळं आमच्याकडं द्या, तुम्हाला बघायचं कामच राहणार नाही, असं तिचं म्हणणं. अर्जुनरावांनी तेव्हा टाळलं होतं.

"पंचाक्षरी, मी तुमच्यासाठी थांबलो," ते म्हणाले. "आज चालू झालं तर ठीक. न्हाई तर सोमवारी त्यांना बोलावतो. आन् चालू होऊन पुन्हा बंद पडलं तरी तेच. माझा नाइलाज हाय."

हे शेवटचं ठिकाण होतं. हे गेलं की त्याला कुठूनही, कशासाठीही, कोणीही बोलावणार नव्हतं.

तो मागच्या खोलीत जाऊन बसला. मंडळाची कारकून शिवकन्या दारात उभी राहिली. तिशीतली, देगलूरकडची बाई, कामाला सहा महिन्यांपूर्वी लागलेली, टापटिपीची. खोली कधी नव्हे ती लख्ख होती, वायरी विंचरून बांधल्यासारख्या सरळ, आणि दोन्ही मशिनांच्या कपाळावर हळदीकुंकू. पंचाक्षरीनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. खंडेनवमीला हळदीकुंकू कुठल्या मशिनाला लागत नाही?

आधी त्यानं पुढच्या मशिनाची नोंदवही तपासली. मागच्याचं दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, असा तिच्यातल्या ओळींचा अर्थ, आणि सकाळी दहापासून अशा शेकडो ओळी. मग त्यानं मागच्या मशिनाच्या पत्त्यावर हाक मारून पाहिली. मशिनांचे पत्ते म्हणजे आकडेच असतात. या मशिनाचा शेवटचा आकडा एकवीस, हे पंचाक्षरीला आईच्या तिथीसारखं पाठ होतं. हाकेला ओ आली. म्हणजे वायर ठीक, मशीन जागं. फक्त दार कोणीतरी आतून लावून घेतलंय. आता आतून दार लावणारं दुसरं कोण असणार? पुण्याचे लोक याच खोलीत तासभर बसून गेले होते.

त्याचं डोकं फिरलं. मागच्या मशिनाला पडदा जोडून आत काय आहे ते बघायचं, हे पहिलं काम. ते राहिलं बाजूला, आणि तो तरातरा पुढच्या खोलीत जाऊन अर्जुनरावांना म्हणाला, की ही पुण्याच्या लोकांची करामत आहे, त्यांनी मुद्दाम खोड करून ठेवलीय. अर्जुनराव सरळ माणूस. त्यांनी त्याच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तिकडून एक मुलगी अदबीनं बोलली, की सर, आम्ही फक्त खोलीचे फोटो घेतले, मशिनाला हात लावला नाही. तुमच्या मॅडम पूर्ण वेळ सोबत होत्या. शिवकन्यानं मान हलवली. खरं होतं. वर त्या मुलीनं विचारलं, काही मदत हवीय का? हवी असती तर पंचाक्षरी जमिनीत गेला असता. नको होती तरी अर्धा गेलाच.

कान लाल करून तो परत मागच्या खोलीत आला. आता निमूटपणे त्यानं मागच्या मशिनाला पडदा जोडला आणि परवलीचा शब्द टाकून आत शिरला. आत सगळं ठाकठीक होतं. माहितीचा साठा चालू होता, जागा रिकामी होती, दार सताड उघडं होतं. खात्रीसाठी त्यानं पहिली नोंद मागवली. ती क्षणात आली. हुडगे पंचाक्षरी, लातूर.

ही नोंद तो विसरून गेला होता. साइट बांधताना तपासायला म्हणून त्यानं आधी स्वतःलाच टाकलं होतं, सगळेच टाकतात. शिक्षण, व्यवसाय, उंची. अपेक्षा या रकान्यात काय लिहावं ते न सुचल्यानं 'तपासणी' एवढंच लिहिलं होतं. मग साइट सुरू करताना ती नोंद लोकांना दिसणार नाही अशी करून ठेवली. एक दिवस, फक्त एकच दिवस, त्यानं ती दिसू दिली होती, आई फार मागं लागली तेव्हा. संध्याकाळी परत झाकली. कोणी बघेल याची भीती वाटली की कोणी बघणार नाही याची, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. वय त्यानं कधी लिहिलंच नव्हतं, ते जन्मतारखेवरून मशीन आपोआप मोजतं. अडतीसचे एकोणपन्नास मशिनानं बिनचूक मोजले होते. पंचाक्षरी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिला. शिवकन्या दारातच होती म्हणून त्यानं ते पान मिटलं.

मग त्यानं मागच्या मशिनाची नोंदवही उघडली. कोण कधी येऊन काय विचारून गेलं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. शेवटचा प्रश्न खंडेनवमीला सकाळी आठ चाळीसला आला होता. त्यानंतर कोणी काही विचारलंच नव्हतं. पुढचं मशीन म्हणतंय, मी सकाळपासून दार वाजवतोय. मागचं म्हणतंय, माझ्याकडं कोणी फिरकलंच नाही. दोन्ही खरं बोलत होती.

पंचाक्षरीनं मागं वळून शिवकन्याला विचारलं, की खंडेनवमीला आठ चाळीसला इथं काय झालं होतं.

तिचा चेहरा उतरला. हीच भीती ती सकाळपासून पोटात घेऊन उभी होती. "सर, म्या बंद केलं," ती म्हणाली. "सगळंच. मेन स्विचच खाली ओढला. आमच्याकडं खंडेनवमीला औताला, कोयत्याला, शिलाई मशिनीला, कशालाच कामाला लावत न्हाईत. पुसतेत, पुजतेत आन् निजवून ठेवतेत. ह्ये मशीन बारा महिने चोवीस तास राबतंय, त्याला एक दिवस तरी नको का? आज सकाळी येऊन चालू केलं. कुंकवानं बिघडलं का सर?"

एवढ्या वर्षांत तिथं पूजा होत होती, पण जुन्या कारकुनाची पूजा म्हणजे चालत्या मशिनाला दोन बोटं कुंकू आणि पेढा. मशिनाला विश्रांती द्यावी, हे या बाईला पहिल्यांदा सुचलं होतं. पंचाक्षरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं मागच्या मशिनाला त्याचाच पत्ता विचारला. शेवटचा आकडा चोवीस.

झालं होतं ते इतकंच. या खोलीतल्या मशिनांना आकडे वाटून देतो तो भिंतीवरचा इंटरनेटचा डबा. जुन्या डब्याला पंचाक्षरीनं सांगून ठेवलं होतं, की एकवीस हा आकडा मागच्या मशिनाचा, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. शिवकन्याला विचारल्यावर कळलं, की जूनमध्ये वीज पडून तो डबा जळाला आणि इंटरनेटवाल्यांनी नवीन बसवला. नव्या डब्याला ही गोष्ट माहीत नव्हती. मशीन चालूच होतं तोवर त्याचा आकडाही चालू राहिला. एकदा सगळंच निजलं आणि दोन दिवसांनी उठलं, तेव्हा जो आधी उठला त्यानं हाताला लागेल तो आकडा घेतला. मागच्याला चोवीस मिळाला, आणि एकवीस गेला पुढच्या खोलीतल्या नव्या टीव्हीकडं. हाकेला ओ देणारा तोच. सकाळपासून पुढचं मशीन त्या टीव्हीला अडतीसशे मुला-मुलींची स्थळं विचारत होतं, आणि टीव्ही बिचारा काय सांगणार?

पंचाक्षरीला हसू आलं. शिवकन्यालाही त्यानं ते समजावून सांगितलं, कुंकवानं काही बिघडलेलं नाही हेही सांगितलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती चहा आणायला गेली.

ती गेल्यावर तो एकटाच त्या दोन मशिनांपुढं बसला. दुरुस्ती दोन प्रकारे करता येत होती. पुढच्या मशिनात एकवीस खोडून चोवीस लिहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, साइट लगेच चालू. पुढच्या खंडेनवमीला शिवकन्या पुन्हा सगळं निजवणार, आकडे पुन्हा इकडचे तिकडं होणार, आणि लातुरात त्याचा फोन वाजणार. दुसरी तऱ्हा म्हणजे मागच्या मशिनातच त्याचा आकडा कायमचा ठोकून बसवायचा. मग डबा बदलो, वीज जावो, पूजा होवो, काही बिघडणार नाही. कोणाला काही विचारावं लागणार नाही.

त्याला पहिलंच करावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पुन्हा बंद पडलं तर पुण्याला देणार, हे त्याला पाठ होतं. तरी त्याच्या मनात आलं, एक फोन तर येईल. एकदा तर कोणी म्हणेल, निघून या. त्यानं चोवीस लिहिलंसुद्धा. साइट उघडली, मुला-मुलींचे फोटो भराभरा वर आले. आता उठून मोकळं व्हायचं. हदगावच्या त्या बापाचं त्याला आठवलं. पुढल्या वर्षी असाच कोणी बाप पोरीच्या काळजीनं घाबराघुबरा होऊन फोन करत बसणार, आणि ते कशासाठी, तर लातुरातल्या एका माणसाला करमत नाही म्हणून. आपण इतके वाईट झालो नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्यानं चोवीस खोडलं, टीव्हीला दुसरा आकडा दिला, एकवीस मागच्या मशिनात पक्का बसवला, नव्या डब्यालाही बजावून ठेवलं. मग स्वतःच मेन स्विच खाली ओढला, पाच मिनिटं थांबला, पुन्हा चालू केला. साइट आली. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा आली.

अर्जुनरावांनी स्वतःच्या फोनवर साइट उघडून पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला. चूक कोणाची, असं त्यांनी विचारलं. शिवकन्या कप हातात धरून थिजली. पंचाक्षरी म्हणाला, माझीच. नवा डबा बसला तेव्हा मी येऊन बघायला पाहिजे होतं. डबा बसल्याचं त्याला कोणी कळवलंच नव्हतं, ते तो बोलला नाही.

"आता पुन्हा व्हायचं न्हाई ना?" अर्जुनरावांनी विचारलं.

"न्हाई," पंचाक्षरी म्हणाला. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं जड उत्तर त्यानं क्वचितच दिलं असेल.

अर्जुनराव खुश झाले. म्हणाले, मग पुण्याला कशाला जायचं, काम तुमच्याकडंच राहू द्या. आणि पुढं सहज म्हणाले, की मशीन बंद-चालू कसं करायचं ते एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे तुम्हाला एवढ्या लांब यायचा तरास नको. पंचाक्षरीनं कागद घेतला. आधी मागचं चालू करा. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. मग पुढचं. मग साइट उघडून बघा. चार ओळी झाल्या. पाचवं काही सुचेना, म्हणून त्यानं खाली आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला, ठळक, दोनदा गिरवून.

शिवकन्यानं कागद वाचला. "एवढंच?" ती म्हणाली, आणि नंबरावर बोट ठेवून तिनं भोळेपणानं विचारलं, "सर, ह्ये कामून लिहिलं? एवढं केलं की चालू होतंयच की."

"असू द्या," तो म्हणाला.

निघताना तिनं देवापुढची आपट्याची पानं आणून त्याच्या हातात ठेवली आणि वाकून नमस्कार केला. त्याला एकदम भरून आलं. तो तसाच जिना उतरू लागला. गाडीत बसल्यावर लोह्यापर्यंत त्यानं ती पानं मुठीतच धरली होती.

वर्ष गेलं. मेळावा झाला, लग्नं जमली, नव्या नोंदी आल्या; हे सगळं पंचाक्षरी लातुरात बसून साइटवर बघत होता. दिवसातून एकदा तरी तो ती उघडायचाच. ती उघडायची. नांदेडहून फोन आला नाही. यायचं कारणच नव्हतं.

पुढची खंडेनवमी आली तेव्हा तो सकाळी आठपासून टेबलाशी बसला. पावणेनऊला साइट गेली. शिवकन्यानं स्विच ओढला असणार, हे त्यानं ओळखलं, आणि त्या ओळखण्याचंही त्याला बरं वाटलं. दसरा गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आपण केलेलं काम आपल्याला पक्कं माहीत आहे, काही बिघडणार नाही, असं तो स्वतःला बजावत होता आणि नांदेडच्या गाड्यांच्या वेळाही बघत होता. दहा वाजले. सव्वादहाला साइट आली. सगळे फोटो, सगळी स्थळं, जिथल्या तिथं.

अकरापर्यंत तो थांबला. फोन उलटा ठेवलेला होता, तो सुलटा केला. मग त्यानंच नांदेडचा नंबर लावला. शिवकन्यानं पहिल्याच रिंगेला उचलला. तिच्यामागं माणसांचा गलबला होता, मेळाव्याच्या नोंदणीची गर्दी सुरू झालेली दिसत होती. साइट मधे बंद होती का, असं त्यानं विचारलं.

"हाव सर, पूजेला निजवली होती," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर लिहिल्यावाणी आधी मागची लावली, मंग पुढची. लगेच लागली बगा, कायबी अडचण न्हाई आली." तिनं कोणाला तरी बसा म्हणून सांगितलं, आणि मग घाईघाईनं, पण अगदी आदरानं विचारलं, "काय काम होतं, सर?"

काम काहीच नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं मागच्या दसऱ्याला संपवून टाकलं होतं.